२०११ चा थिंकपॅड टी४२०, पुन्हा कामाला

(दृश्य: मुंबई, लॅमिंग्टन रोड. दुकानाच्या काउंटरवर काळ्या लॅपटॉपांची चळत.)

कंपन्या लॅपटॉप घेतात, तीन-चार वर्षं वापरतात आणि लॉटने विकून टाकतात. तिथून ते लॅमिंग्टन रोडला येतात, दिल्लीच्या नेहरू प्लेसला जातात, बंगळूरच्या एस. पी. रोडला जातात. या ढिगात लेनोव्होचा थिंकपॅड टी४२० अजूनही हाती लागतो. मॉडेल २०११ चं. चौदा इंची पडदा, इंटेलच्या दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर, सात ओळींचा कीबोर्ड. पुढच्याच वर्षी टी४३० आला आणि कीबोर्ड सहा ओळींचा झाला. टी४२० शोधणारे बरेचजण त्या सातव्या ओळीसाठीच शोधतात.

हा लॅपटॉप दुरुस्तीला घ्यावा असा आहे. रॅम, डिस्क, वायफाय कार्ड, पंखा, इतकंच काय, प्रोसेसरसुद्धा सॉकेटमधून निघतो. कंपनीने आपलं सर्व्हिस मॅन्युअल सगळ्यांसाठी खुलं ठेवलं आहे. कोणता भाग आधी काढायचा, कुठे किती लांबीचा स्क्रू, सगळं त्यात आहे. काम सुरू करण्याआधी ते उतरवून घ्यावं. व्हिडिओ पाहून अंदाजाने उघडलेल्या लॅपटॉपचे स्क्रू बहुधा डब्यात उरतात.

(दृश्य: चालू होणारा लॅपटॉप, एफ१ दाबणारं बोट.)

पैसे देण्याआधी एक तपासणी दुकानातच करायची. लॅपटॉप चालू करून एफ१ दाबा आणि बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणारा बोर्डावरचा मूळ प्रोग्रॅम, उघडा. सुपरवायझर पासवर्ड मागितला, तर यंत्र परत ठेवा. हा पासवर्ड बोर्डावरच्या वेगळ्या चिपमध्ये साठवलेला असतो. आतला नाण्याएवढा सेल काढून तो पुसला जात नाही, आणि कंपनीच्या मॅन्युअलमध्ये त्यावर एकच उपाय दिला आहे: बोर्ड बदला. दुकानदार ‘ए ग्रेड’ म्हणतो तेव्हा तो बाहेरच्या खोक्याबद्दल बोलत असतो. आतल्या डिस्कबद्दल ते काहीच सांगत नाही.

डिस्कचं सांगायला स्मार्ट अहवाल आहे, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली आपल्या तब्येतीची नोंद. लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून एफ१२ ने त्यावरून लॅपटॉप सुरू करा आणि अहवालातल्या दोन ओळी वाचा: रिॲलोकेटेड सेक्टर (खराब ठरवून बदललेल्या जागा) आणि पेंडिंग सेक्टर (वाचता न आलेल्या, संशयित जागा). दोन्ही शून्य हव्यात. पेंडिंगचा आकडा वाढत असेल, तर आधी डेटा बाहेर काढा, बाकीचं नंतर. रॅमसाठी मेमटेस्ट हा तपासणीचा प्रोग्रॅम लावून किमान एक फेरी पूर्ण होऊ द्या. एकही चूक दिसली, तर ती पट्टी बाद. ‘एखादी चूक चालते’ असं इथे नाही, कारण ती चूक उद्या फाईलमध्ये लिहिली जाईल.

चार्जरही बघून घ्या. २० व्होल्टचा, ६५ किंवा ९० वॅटचा. वेगळी एनव्हिडिया ग्राफिक्स चिप असलेल्या मॉडेलला ९० वॅटचाच लागतो. पिनच्या मधोमध बारीक सुई असते, तिच्यावरून लॅपटॉप चार्जरची ताकद ओळखतो. सुई वाकली किंवा नकली चार्जरमधला तो भाग बिघडला, की लॅपटॉप चालू राहतो पण बॅटरी चार्ज होत नाही. अशा वेळी बिचाऱ्या बॅटरीवर खापर फुटतं.

(दृश्य: टेबल, पांढरा कागद, स्क्रूड्रायव्हर. लॅपटॉप उलटा ठेवलेला.)

आता उघडायचं. चार्जर काढा, बॅटरी काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलासुरला भार निघून जाईल. स्क्रूड्रायव्हर चांगल्या टोकाचा घ्या; ढिल्या टोकाने डोकं एकदा झिजलं की तो स्क्रू तासभर खातो. कागदावर तळाचा आकार काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटवत जा. हा काटेकोरपणा जास्त वाटेल, पण लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या भोकात पिळला, तर तो आतल्या बोर्डाला जाऊन भिडतो. स्थिर विजेची भीती मुंबईच्या पावसाळ्यात कमी, नागपूरच्या कोरड्या हिवाळ्यात जास्त. कुठेही असा, नायलॉनचे कपडे घालून हे काम करू नका आणि मधूनमधून अर्थिंग असलेल्या धातूला हात लावा.

तळाशी कीबोर्डचं चिन्ह असलेले स्क्रू काढले, की कीबोर्ड पडद्याच्या दिशेने किंचित सरकवायचा. पुढची कड वर येते. लगेच उचलायचा नाही, खाली केबल आहे. मग तळहात टेकतो तो भाग, मग कीबोर्डभोवतीची चौकट. प्रत्येकाखाली केबल असणार असं धरूनच हात चालवावा. प्लास्टिकच्या खाचा ‘कट्’ असा आवाज करून सुटतात, तो आवाज ठीक. जोर लावूनही काही सुटत नसेल, तर एक स्क्रू राहिला आहे.

(दृश्य: पंख्याच्या तोंडाशी धुळीचा थर, जवळून.)

जुना लॅपटॉप मंद होतो त्याची दोन कारणं बहुतेक वेळा पुरतात: फिरती हार्ड डिस्क आणि उष्णता. लोक विंडोज पुन्हा टाकून बघतात आणि हे दोन्ही तसंच राहतं. पंखा आणि हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये धुळीची गादी जमते. दमट हवेत ती धूळ ओली होऊन घट्ट बसते, नुसत्या फुंकरीने हलत नाही. बाहेरून ब्लोअर मारला, तर ती गादी आतल्या बाजूला सरकते आणि पुन्हा पंख्यातच अडकते. म्हणून पंखा बाहेर काढून, मऊ ब्रशने, पात्यांच्या बाजूने साफ करायचा. हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. मोकळी सोडली तर ती क्षमतेपेक्षा जोरात फिरतात आणि बेअरिंग खराब होतं. पंखा घरघरत असेल, तर तेलाचा एक थेंब काही आठवडे काढून देतो. त्यानंतर नवाच आणायचा. पूर्ण बंद पडला तर सुरू होतानाच पडद्यावर ‘फॅन एरर’ येतं आणि लॅपटॉप स्वतःहून बंद होतो, ते बरंच आहे.

हीटसिंक उचलल्यावर खाली प्रोसेसरची उघडी चकचकीत चिप दिसेल. वर धातूचं झाकण नाही, म्हणून धारदार काही लावू नका. चिप आणि हीटसिंक यांच्यामधली, उष्णता पुढे नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते; ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर नको, ते आसपासचं प्लास्टिक खातात. नवी पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, मधोमध. जास्त घातल्याने थंडावा वाढत नाही, उलट जाड थर उष्णता अडवतो. पेस्टऐवजी काहीजण वापरतात ते लिक्विड मेटल (पातळ धातू) या यंत्रात घालू नये: ते विजेचं वाहक आहे आणि चिपच्या बाजूलाच उघडे बारीक भाग आहेत. हीटसिंकचे स्क्रू एकदम एक पूर्ण न आवळता, समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा, नाहीतर दाब एकीकडे पडतो.

हे सगळं उघडं असतानाच आतला सेल बदलून टाका. सीआर२०३२ आहे, पण तारा आणि छोट्या प्लगसकट येतो. तो संपला की सुरू होताना ०२७१ किंवा ०२५१ असा आकडा दिसतो आणि तारीख मागे जाते. तारीख चुकली की बँकेच्या, सरकारी साइटी सुरक्षेचा इशारा देऊन उघडत नाहीत. इंटरनेट बिघडलं म्हणून आलेल्या तक्रारीचं मूळ असं एखाद्या सेलमध्ये निघतं.

(दृश्य: एसएसडी आणि दोन रॅम पट्ट्या.)

आता खर्च. पहिला रुपया सॅटा एसएसडीवर, म्हणजे फिरता भाग नसलेल्या, सॅटा जोडणीच्या डिस्कवर. फिरती डिस्क विखुरलेल्या ठिकाणच्या छोट्या फाईली सेकंदाला शंभरेक वेळाच वाचू शकते. एसएसडी हजारोंनी वाचते. लॅपटॉप सुरू व्हायला लागणारा वेळ तिथेच जातो. बायोसमध्ये सॅटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) एएचसीआय आहे ना, एवढं पाहा. लिनक्समध्ये ट्रिमची (पुसलेल्या फाईलींची जागा एसएसडीला कळवण्याची) साप्ताहिक सेवा चालू ठेवा. बिननावाच्या स्वस्त एसएसडीपासून मात्र लांब राहा. कधीकधी त्या सांगितलेल्या क्षमतेच्याही नसतात.

दुसरा रुपया रॅमवर. डीडीआर३, २०४ पिनांची लॅपटॉपची पट्टी. कंपनीने ८ जीबीपर्यंतच लिहिलं आहे, प्रत्यक्षात ८-८ च्या दोन पट्ट्या नीट चालतात. पण ८ जीबीची पट्टी घेताना लेबलवर २आरएक्स८ असायला हवं, म्हणजे एकूण १६ चिप. आठच चिपांत ८ जीबी बसवलेली पट्टी हा जुना प्रोसेसर ओळखत नाही. १.३५ व्होल्टची पट्टीही चालते, ती इथे १.५ वर चालेल. एकापेक्षा दोन पट्ट्या बऱ्या, कारण अंगभूत ग्राफिक्स रॅममधूनच काम करतं आणि दोन वाहिन्यांचा त्याला थेट फायदा होतो.

आणखी जागा हवी असेल, तर सिमकार्डाच्या मोडेमच्या खाचेत एमसॅटा, म्हणजे छोट्या कार्डाच्या आकाराची, एसएसडी बसते, मात्र तिथला वेग निम्मा, ३ गिगाबिटचा. डीव्हीडीच्या जागी कॅडी (डिस्क धरणारी चौकट) घालूनही डिस्क बसते. कॅडी ९.५ आणि १२.७ मिलीमीटर अशा दोन जाडीच्या मिळतात, तेव्हा डीव्हीडी ड्राइव्ह मोजूनच घ्या.

वायफाय कार्ड बदलायचा मोह आवरा. बायोसमध्ये मान्य कार्डांची यादी आहे. यादीबाहेरचं लावलं की १८०२ चा इशारा देऊन लॅपटॉप पुढे सरकतच नाही. यूएसबीचं वायफाय लावणं सोपं. चार कोअरचा प्रोसेसरही सॉकेटमध्ये बसतो, आणि हौशी लोक बसवतात. तो ४५ वॅटचा, मूळ हीटसिंक ३५ वॅटच्या हिशोबाची. आपल्याकडच्या मे महिन्यात तो पूर्ण वेगाने फार वेळ धावणार नाही. तेच पैसे पडद्यावर घालावेत: १३६६ बाय ७६८ चा फिकट पडदा हीच या यंत्राची खरी कमजोरी. १६०० बाय ९०० चं पॅनेल घेताना केबलचा पार्ट नंबर मॅन्युअलशी जुळवून मगच ऑर्डर द्या.

(दृश्य: लिनक्स मिंटचा पडदा, मराठी टायपिंग.)

विंडोज ११ च्या यादीत हा प्रोसेसर नाही, आणि विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. म्हणून लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. मराठीसाठी आयबसमध्ये (लिनक्समधल्या टायपिंगच्या व्यवस्थेत) एम१७एन हा कीबोर्डांचा संच घातला, की इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही मिळतात. एक अडचण राहते: यूट्यूब आता व्हीपी९ आणि एव्ही१ या नव्या पद्धतींनी दाबलेला व्हिडिओ पाठवतं, आणि २०११ च्या ग्राफिक्सला ते उलगडता येत नाही. सगळा भार प्रोसेसरवर येतो, पंखा ओरडू लागतो. ब्राउझरमध्ये एच२६४ ही जुनी पद्धत सक्तीची करणारं एक्स्टेन्शन टाकलं, की ते काम ग्राफिक्स चिपकडे जाऊ शकतं. त्यासाठी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर डीकोडिंग चालू असावं लागतं.

लॅपटॉप पुन्हा जोडून झाल्यावर प्रोसेसरवर अर्धा तास पूर्ण भार टाकून तापमान बघा. ९० अंश सेल्सिअसच्या आत राहिलं तर काम जमलं. शंभरीला टेकलं, तर पेस्ट नीट बसलेली नाही, पुन्हा उघडा.

(दृश्य: बॅटरी हातात.)

राहिली बॅटरी. सहा सेलची मूळ क्षमता सुमारे ५७ वॅट-आवर. आज किती उरली ते लिनक्समधलं अपॉवर सांगतं. बाजारात ‘सीलबंद, कंपनीची’ म्हणून जुना साठा मिळतो. तो घेऊ नका, लिथियम सेल न वापरताही म्हातारे होतात. टी४३० पासून लेनोव्होच्या बायोसने परक्या बॅटऱ्या नाकारायला सुरुवात केली. टी४२० ला ते बंधन नाही, चांगल्या बनावटीची दुसरी बॅटरी चालते. टीएलपी या लिनक्सच्या वीज-बचतीच्या प्रोग्रॅममध्ये ७५ टक्क्यांना चार्जिंग सुरू आणि ८० ला बंद अशी मर्यादा घाला, दिवसभर चार्जरवर असणाऱ्या यंत्राची बॅटरी त्याने जास्त टिकते. फुगलेली बॅटरी दाबून बसवायची नाही, टोचायची नाही. टोकांवर चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यात नको. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की तिथेच पेट घेऊ शकते.