पायांवरून पॅनवर
(विदर्भातल्या एका गावी अंगणवाडीतील माता मेळाव्यात निवृत्त पर्यवेक्षिकेने केलेले भाषण, संपादित)

बायांनो, कापूस वेचणीचे दिवस आहेत, दिवसाची मजुरी बुडवून तुम्ही आल्या. म्हणून थेट मुद्द्यावर येते.

मघाशी या आजी म्हणाल्या, "मॅडम, पोट्टं तीन वर्साचं झालं, घरी संडास हाये, पन थे उकिरड्यावरच बसते." आजी, पोरगं हट्टी नाही. २०१४ नंतर १२,००० रुपयांच्या अनुदानात आपल्याकडे घरोघरी संडास झाले, पण ते मोठ्यांच्या मापाचे. आत उजेड नाही, कोपऱ्यात तुराट्या रचलेल्या, भिंतीवर पाल. पाय ठेवायच्या दोन जागांमध्ये एवढं अंतर की लेकराच्या मांड्या फाकतात, तोल मागे जातो आणि खाली ते काळं भोक. वरून आपण दार ओढून घेतो!

त्याआधी ते कुठे बसत होतं, आठवा. आपण पाय लांब करून बसतो, दोन पावलांच्या मधल्या फटीत बाळ, त्याचं तोंड आपल्याकडे, हात आपल्या हातात आणि तोंडाने "शूऽऽ". तिथून उचलून एकदम त्या खोलीत. मधली पायरी आपण गाळतो.

ती पायरी म्हणजे बाजारात मिळणारं प्लॅस्टिकचं पॉट. आधी अंगणात ठेवा, मग संडासाच्या दाराशी, मग आत. पॉटातली शी संडासाच्या पॅनमध्ये त्याच्यासमोर ओता, टमरेलाने पाणी त्यालाच टाकू द्या. ते काम पोरांना फार आवडतं. पॅनवर बसवाल तेव्हा पाय मोठ्यांच्या जागी नको, पुढे पॅन अरुंद होतं तिथे. हात धरा. दार उघडं राहू द्या, कोण बघतंय?

सुरुवात साधारण दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान. चड्डी दोनेक तास कोरडी राहते, शी आली की ते कोपरा गाठतं किंवा सांगतं, तेव्हा समजा वेळ झाली. शेजारणीचं पोरगं शिकलं म्हणून आपल्याला घाई नको. पोटात अन्न गेलं की आतडी हलायला लागतात, म्हणून जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांनी बसवा. पाच मिनिटांत नाही झाली तर उठवा. रात्रीची शू मात्र उशिरा थांबते, पाच वर्षांपर्यंत गोधडी ओली झाली तर रागावू नका.

आता माझंच सांगते. गावोगाव शिकवत फिरणारी मी, माझ्याच लेकाला एकदा चिडून आत बसवलं आणि कडी लावली. त्याने चार दिवस शी दाबून धरली. पाचव्या दिवशी दगडासारखी झाली, सोबत रक्ताची रेघ. त्यानंतर त्याला संडासाची नाही, शीचीच भीती बसली. पपई, भरपूर पाणी, डॉक्टरांचं औषध, सगळं करून तीन महिन्यांनी पुन्हा अंगणातल्या पॉटपासून सुरुवात केली.

आणखी एक. "लेकराच्या शीले काय होते" म्हणून ती उकिरड्यावर टाकू नका. तिच्यातही जंतू असतात, जंतांची अंडी असतात. ती संडासातच जाऊ द्या. पोरींना धुताना हात पुढून मागे न्या. मग साबणाने आपलेही हात, त्याचेही.

काय म्हणता आजी? तुराट्या कुठं ठेवू? आता पाऊस थोडाच आहे. ठेवा अंगणात.