धूर खरा, आरसे खरे

श्रोतेहो, नमस्कार. अर्थसंकल्पाचे दिवस आले की इंग्रजी वर्तमानपत्रांत एक शब्दप्रयोग हमखास भेटतो: ‘स्मोक अँड मिरर्स’. आकड्यांचा नुसता देखावा, आत काही नाही, हा त्यातला टोमणा. पण हा धूर आणि हे आरसे एके काळी जादूगारांच्या सामानात खरोखर असत.

आधी धूर. क्रांतीनंतरचं पॅरिस, साल १७९९. एका जुन्या मठात एतिएन-गास्पार रोबेर हा गृहस्थ ‘रॉबर्टसन’ या नावानं भुतांचे खेळ करी. त्याचा मॅजिक लँटर्न, म्हणजे काचेवरची चित्रं पडद्यावर मोठी करून दाखवणारा दिवा, पडद्यामागं चाकांवर असे. तो मागं सरकवला की भूत मोठं होत जाई, जणू अंगावर धावून येतंय. काही चित्रं तर तो थेट धुरावर पाडी. मॅजिक लँटर्न पुढं आपल्याकडंही रमला. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२पासून ‘शांबरिक खरोलिके’चे खेळ केले, पण ते रामायण दाखवायला, घाबरवायला नव्हे.

आता आरसे. मला विचाराल तर खरी करामत इथं आहे. ऑक्टोबर १८६५, लंडनचा इजिप्शियन हॉल. जादूगार कर्नल स्टोडेअर तीन पायांच्या टेबलावर एक पेटी ठेवतो, उघडतो. आत नुसतं मुंडकं! तो हुकूम सोडतो आणि मुंडकं डोळे उघडून बोलू लागतं. टेबलाखाली बघावं तर मोकळं, मागचा पडदा स्वच्छ दिसतोय. पण तो मागचा नव्हताच. टेबलाच्या पायांमध्ये दोन आरसे तिरके बसवलेले होते. त्यांत बाजूचा पडदा दिसे, आणि तो मागच्या पडद्यासारखाच. आरशांआड बसलेल्या माणसाचं डोकं तेवढं वर, पेटीत. ही युक्ती थॉमस टोबिन यांची. म्हणतात, पुढं नोकरांच्या बोटांचे ठसे काचेवर राहिले आणि बिंग फुटलं!

राजकारणात ही जोडी रूढ केली ती अमेरिकन पत्रकार जिमी ब्रेस्लिन यांनी, वॉटरगेटवरच्या, म्हणजे अध्यक्ष निक्सन यांना पद सोडायला लावणाऱ्या प्रकरणावरच्या, १९७५च्या पुस्तकात. आणि गंमत बघा, तिथं टोमणा नाहीच. सत्ता हा मुळात भास. तुमच्याकडं ती आहे असं लोकांना वाटलं, की ती असते, असं ते म्हणतात. आरसे आणि निळा धूर! निक्सन यांच्यावर महाभियोग चालावा म्हणून झटलेले अमेरिकी संसदेतले नेते टिप ओनील हे त्या पुस्तकाचे नायक, आणि हा धूर वापरण्यात ते तरबेज होते, हे ब्रेस्लिन चक्क कौतुकानं सांगतात.