लेथवरचा हात, सीएनसीवरचा ऑफसेट

भोसरी एमआयडीसी. सकाळची शिफ्ट लागायला पाच मिनिटं आहेत. शेडच्या डाव्या अंगाला जुना लेथ उभा आहे, धातूचा तुकडा फिरवत कापणारा. वर्षानुवर्षं हात फिरून त्याचं हातचाक गुळगुळीत झालंय. समोर नवी सीएनसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामवर चालणारी टर्निंग मशीन. कालपर्यंत लेथ चालवणारा टर्नर आजपासून हिच्यावर उभा राहणार.

या पट्ट्यात काम बदलणं नवीन नाही. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे वाहनांच्या धुराचं मानक लागू झालं, बहुतेक दुचाक्यांचा कार्ब्युरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन आलं. कार्ब्युरेटरचे सुटे भाग बनवणाऱ्यांना तेव्हा नवी ड्रॉइंग्ज शोधावी लागली. पण ड्रॉइंग बदलणं वेगळं आणि हाताची सवय बदलणं वेगळं. ही सवय नेमकी कुठे अडते, ते बघू.

जॉबचा, म्हणजे घडवायच्या तुकड्याचा, व्यास हवाय 40 मिलिमीटर. पहिला पीस जाडच राहावा म्हणून टूलच्या वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे टूलची जागा किंचित सरकवणाऱ्या दुरुस्तीच्या आकड्यात, एक्सला (व्यासाच्या दिशेला) 0.30 जादा ठेवलेत. पीस निघाला, मायक्रोमीटर लावला: 40.34. म्हणजे 0.34 कमी करायचेत. अनेक जुन्या लेथवर टूल आत-बाहेर नेणारी क्रॉस स्लाइड डायलवर 0.10 आत घेतली की व्यास 0.20 ने उतरतो. म्हणून टर्नरचा हात हिशेब आपोआप निम्मा करतो आणि 0.17 कमी करतो. पुढचा पीस येतो 40.17. टर्नर म्हणतो, मशीन चुकतेय.

मशीन चुकत नाही. सीएनसी लेथवर एक्सचा आकडा सहसा व्यासाचाच असतो. "काका, इथे निम्मं नाही करायचं, पूर्ण टाका," शेजारचा सेटर, मशीन लावून देणारा पोरगा, सांगतो. 0.30 मधून 0.34 वजा, ऑफसेट उणे 0.04. पीस 40.00. बोअरिंगला, म्हणजे भोक आतून कापताना, आणखी माल काढायचा तर मात्र चिन्ह उलटं: भोक लहान आलं तर ऑफसेट वाढवायचा.

वीस वर्षांचा सेटर पन्नाशीच्या टर्नरला हे सांगतो, तेव्हा ते ऐकून घेणं सोपं नसतं. बदल स्वीकारणं म्हणतात ते खरं तर इथे, या एका वाक्याशी होतं. आणि व्यवहार दोन्ही बाजूंनी चालतो. मशीनमधून काढल्या काढल्या पोरगा जॉब मोजतो, तेव्हा काका त्याचा हात धरतात. 40 मिलिमीटरचा स्टीलचा जॉब खोलीच्या तापमानापेक्षा 20 अंशांनी गरम असेल, तर साधारण 0.01 मिलिमीटर मोठा दिसतो. त्यावर ऑफसेट दिला की थंड झाल्यावर पीस लहान. ही गोष्ट स्क्रीनवर कुठेच येत नाही. कट घेताना आवाज बदलला की इन्सर्टची, म्हणजे टूलच्या बदलता येणाऱ्या पात्याची, धार गेली, हे ओळखणारा कानही लेथवरच तयार झालेला असतो.

खरी भीती असते ती टूल चकवर, म्हणजे जॉब धरून फिरवणाऱ्या पकडीवर, आदळण्याची. ती अंगावर घेऊन कुणी धीट होत नाही, नियमाने होतो. नवा प्रोग्राम पहिल्यांदा लावताना सिंगल ब्लॉक (एका वेळी एकच ओळ) चालू, रॅपिड (टूलची न कापतानाची धाव) 25 टक्क्यांवर, बोट फीड होल्डवर (टूल थांबवणाऱ्या बटणावर). टूल जॉबजवळ आलं की थांबवायचं आणि स्क्रीनवर किती अंतर उरलंय ते वाचायचं. डोळ्याला 5 मिलिमीटर दिसतात आणि स्क्रीन 60 म्हणते? तिथेच थांबा, ऑफसेट चुकलाय. दुसरी जागा दशांश चिन्हाची. फॅनुक कंपनीच्या अनेक कंट्रोलवर, सेटिंग तसं असेल तर, एक्स 50 पुढे टिंब नसलं की मशीन 50 मिलिमीटर नाही, 50 मायक्रॉन समजते. टूल थेट मध्याकडे धावतं.

फेसिंगला, म्हणजे जॉबचं तोंड सपाट कापताना, आणखी एक काळजी. कापण्याचा वेग मिनिटाला 200 मीटर कायम ठेवला, तर 50 मिलिमीटर व्यासावर मिनिटाला फेरे साधारण 1273 आणि 10 व्यासावर 6366. टूल मध्याकडे जाईल तसा स्पिंडलचा, म्हणजे चक फिरवणाऱ्या दांड्याचा, वेग चढत जातो. म्हणून प्रोग्राममध्ये आधी जी 50 या आज्ञेने फेऱ्यांची मर्यादा बांधायची, मग कापण्याचा वेग कायम ठेवणारी जी 96. मर्यादा नसेल तर चकची पकड सैल पडून जॉब उडू शकतो.

मालकांनीही इथे जबाबदारी घ्यायला हवी. मशीन बसली, दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं आणि तिसऱ्या दिवशी पूर्ण टार्गेट मागितलं, की माणूस शिकत नाही, फक्त स्टार्ट दाबायला लागतो. पहिले आठ-दहा दिवस टार्गेट निम्मं ठेवा. आणि नवा जॉब देऊ नका. लेथवर ज्याच्या शेकडो नगांना त्याचा हात लागलाय, तोच जॉब सीएनसीवर द्या. मग चूक कुठली, जॉबची की मशीनची, हे त्याचं त्यालाच कळतं.

शिफ्ट संपत आली. मशीनशेजारी शंभर पानी वही आहे, कडा तेलकट झालेल्या. टर्नर दुसऱ्या शिफ्टसाठी लिहितो: टूल 3, इन्सर्टची दुसरी धार, एक्स उणे 0.04, जॉब गार करून मोजला.