बटाटा तरंगेपर्यंत मीठ

श्रोतेहो, नमस्कार.

वार्षिक परीक्षा संपल्या आहेत, मुले घरी आहेत आणि बाजारात कैरी आली आहे. या तिन्हींचा मेळ घालून मुलांना अन्न टिकवायला शिकवावे आणि त्यातूनच ते वाया न घालवण्याची सवय लावावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगभरातली घरे, उपाहारगृहे आणि दुकाने यांतून मिळून १०५ कोटी टन अन्न फुकट गेले आणि त्यातला सुमारे ६० टक्के वाटा घरांचा होता. भारतातल्या घरांपुरता अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो, म्हणजे दिवसाला दीडशे ग्रॅम आहे. यात साली, देठ आणि बिया धरलेल्या आहेत हे खरे. तरीही चार माणसांच्या घरात रोज सहाशे ग्रॅम, हा आकडा मुलांना एकदा वजनकाट्यावर प्रत्यक्ष दाखवावा असाच आहे.

एरवी आपण मुलांना ‘ताटात टाकू नकोस’ एवढेच सांगतो. ते सांगून झाल्यावर त्याच मुलांना आपण लग्नातल्या बुफेला घेऊन जातो, जिथे मोठी माणसेच ताटे शीग लावून भरतात आणि निम्मी तशीच ठेवून देतात. पंगतीत वाढपी समोर उभा राहून विचारत असे, आणि नको म्हणण्याची सोय होती. पंगत मोडली तेव्हा ही सोयही गेली, असे माझे ठाम मत आहे. असो. मुलांकडे वळू.

माझ्या पाहण्यातली अन्न टिकवण्याची सर्वांत चांगली शाळा रत्नागिरी जिल्ह्यात, आमच्या आजोळच्या पडवीत भरत असे. मे महिन्यात वळवाचा एक तडाखा येऊन गेला की रायवळ आंब्यांखाली कैऱ्यांचा सडा पडे. मोठी मामी आम्हा भाचरांना टोपल्या घेऊन पिटाळी, आणलेल्या कैऱ्यांतून फुटलेल्या बाजूला काढून त्या दिवसाच्या चटणीला लावी, आणि उरलेल्या अखंड कैऱ्या धुऊन, धोतराच्या जुन्या पानाने एकेक कोरडी पुसून आमच्यात वाटून टाकी. प्रत्येकाला एक लहान चिनी मातीची बरणी मिळे. बरणीच्या गळ्यात सुतळी आणि सुतळीला ज्याच्या त्याच्या नावाची चिठ्ठी असे. ही बरणी तुझी, हिचे बरेवाईट तुझे, एवढाच तिचा नियम होता.

खारासाठी पाणी उकळून निववलेले असे. मीठ किती घालायचे असे विचारले की मामी उत्तर देत नसे, हातात एक बटाटा देई. बटाटा साध्या पाण्यात तळाला जातो. खडे मीठ घालून ढवळत राहायचे, मीठ पूर्ण विरघळू द्यायचे, पुन्हा बटाटा सोडायचा, आणि तो वर येऊन तरंगू लागला की थांबायचे. पुन्हा सांगतो, बटाटा तरंगेपर्यंत मीठ. मग कैऱ्या बरणीत रचून त्यांवर खार ओतायचा, त्या वर येऊ नयेत म्हणून धुतलेला गुळगुळीत दगड दडपण म्हणून ठेवायचा आणि तोंडाला दादरा बांधायचा.

एका वर्षी माझ्या मावसभावाच्या बरणीत खार कमी पडला आणि वरच्या कैऱ्या उघड्या राहिल्या. त्याने कोणाला न विचारता घागरीतले तांब्याभर पाणी वरून ओतले आणि दादरा बांधून टाकला. मामी तेव्हा पडवीतच तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर करून पाहिले आणि पुन्हा सूप हलवायला घेतले. आठवडा उलटला तेव्हा त्याच्या बरणीवर आधी पांढरी साय आली, मग तिच्यावर हिरवट काळे ठिपके उमटले, आणि कैरी दाबली तर बोट आत जाऊ लागले. आमच्या कैऱ्या मात्र टणक होत्या. तो रडवेला होऊन म्हणाला, “मामी, माझ्याच कैऱ्या किडक्या होत्या.” मामीने फडताळातून बटाटा काढला आणि म्हणाली, “तसं असेल तर बटाटा सांगेल. सोड बघू.” त्याच्या बरणीत बटाटा सरळ बुडाला. शेजारच्या बरणीत सोडला, तो वर आला. “तांब्याभर पाणी,” मावसभाऊ आपणहून म्हणाला. “मग पाहिलंस तेव्हा बोलली का नाहीस?” मामी म्हणाली, “बोलले असते तर यंदा कैऱ्या वाचल्या असत्या, आणि पुढच्या वर्षी तू परत पाणी ओतलं असतंस.” बरणी त्यानेच माडाच्या आळ्यात रिकामी केली, कारण माडाला मिठाचे वावडे नसते, आणि ती राखेने घासून उन्हात पालथी घातली.

यामागचे शास्त्र मुलांना दोन वाक्यांत कळते. जंतू आणि बुरशी यांना वाढायला पाणी लागते; खारात मीठ, मुरंब्यात साखर आणि सांडग्यांत ऊन ते पाणी त्यांच्या हाती लागू देत नाही, तर लिंबाचा आणि कोकमाचा आंबटपणा त्यांना थारा देत नाही. पाणी वाढले की राखण सुटते.

एक सावधगिरी मात्र पालकांनी घ्यावी. हवेशिवाय वाढणारे काही घातक जंतू असतात आणि आंबटपणा पुरेसा नसेल, म्हणजे पीएच ४.६ च्या वर असेल, तर ते बंद बरणीत विष तयार करू शकतात. म्हणून नुसत्या तेलात बुडवलेला लसूण किंवा उकडून बाटलीबंद केलेल्या शेंगभाज्या घरी फळीवर ठेवू नयेत. मुलांची सुरुवात कैरी आणि लिंबू यांपासूनच करावी. बुरशी आली तर वरचा थर काढून उरलेले खाऊ नये, सगळी बरणी टाकावी. काटकसर तिथे नको.

शहरातल्या लहान घरात पडवी नसते, पण ओट्यावर काचेची एक बरणी मावते. अर्धा किलो लहान अखंड कैऱ्या आणा आणि मुलाला एकट्याला सगळे करू द्या. बटाट्याचा भरवसा वाटत नसेल त्यांच्यासाठी प्रमाण सांगतो: लिटरभर उकळून निववलेल्या पाण्याला १०० ते १२५ ग्रॅम मीठ. पुन्हा एकदा, लिटरला १०० ते १२५ ग्रॅम. खार कमी पडला तर साधे पाणी नव्हे, त्याच प्रमाणाचा नवा खार करून घालायचा. चिठ्ठीवर तारीख मुलाच्याच अक्षरात असू द्या.

महिन्याभराने कैरी मुरेल, ती मऊ भाताबरोबर छान लागते. बरणी संपल्यावर तळाशी उरलेला खार ओतून देऊ नका. चांगला राहिला असेल तर तो आमटीत थोडा थोडा घालता येतो. त्या दिवशी आमटीत वेगळे मीठ मात्र घालायचे नाही, आणि तेही बरणीच्या मालकालाच लक्षात ठेवू द्यावे.

नमस्कार.