‘धीर धर’ म्हणण्याआधी

(दृश्य: एमआरआयच्या बोगद्यात सरकत जाणारा मुलगा)

कानात बोळे, डोक्याभोवती पिंजऱ्यासारखी चौकट आणि सूचना एकच: हलायचं नाही. मान जराशी कलली तरी चित्र धूसर येतं. यंत्र ठकठक करत राहतं, मुलगा निमूट पडून राहतो. किशोरवयात धीर म्हणून नसतोच, असं म्हणणाऱ्यांनी हे जरा नीट पाहावं.

(दृश्य: पडद्यावर दोन पर्याय, बोट बटणावर)

डोळ्यांवरच्या आरशात त्याला पडदा दिसतो. थोडे पैसे आज, की जास्त पैसे महिन्याभराने? रकमा बदलतात, मुदती बदलतात, प्रश्न तोच. चूक-बरोबर काही नाही. थांबण्यासाठी कोण किती जास्त मागतो, एवढंच मोजायचं.

(दृश्य: संगणकावर फिरणारा मेंदू, रंगीत तंतू)

हे रंग अर्थात संगणकाचे. डावी-उजवीकडे जाणारे चेतातंतू लाल, पुढे-मागे जाणारे हिरवे, वर-खाली जाणारे निळे. पाण्याचे रेणू तंतूच्या लांबीने सहज सरकतात, आडवे जाताना अडखळतात; त्यावरून या वाटांचा माग लागतो.

(दृश्य: एक जुडी उजळते)

खोलवर आहे तो स्ट्रायटम, बक्षिसाची चाहूल लागताच जागा होणारा. कपाळामागे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, पुढचा हिशेब मांडणारा. त्यांना जोडणारी ही जुडी. वायरीवर प्लास्टिक असावं तसं तंतूंवर मायलिनचं स्निग्ध वेष्टण चढतं आणि संदेश वेगाने धावू लागतात. मेंदूच्या मागच्या भागांत हे काम लवकर उरकतं. कपाळामागे ते विशीतही चालूच असतं.

२०१५ साली संशोधक वाउटर फान डेन बोस आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांपासून पंचविशीपर्यंतच्या तरुणांमध्ये ही जोडणी तपासली. वयाबरोबर उजव्या बाजूची जोडणी भक्कम होत होती आणि अधीरपणा उतरत होता. आणि हे मुद्दाम ऐका: किशोरांमध्ये आजच्या मौजेची हाव तरुणांपेक्षा जास्त आढळली नाही. कमी होता तो पुढचा विचार. ‘हावरट’ हा शिक्का आपण फार घाईने मारतो.

(दृश्य: मैदानावर मुलं)

अधीरपणाचा व्यसनांशीही संबंध दिसतो. पण ही सगळी सरासरीची गोष्ट आहे. एखादं दहा वर्षांचं पोर विशीतल्या भावापेक्षा जास्त वेळ थांबू शकतं. आणि स्कॅन पाहून कुणाच्या धीराचा अंदाज सांगता येईल, असंही नाही.