त्या पोराला कुणी विचारलं होतं?

(दृश्य : परळची चाळ. सकाळ. गॅलरीतल्या दोरीवर शाळेचे गणवेश.)

मुंबईत कुठे आईबापांनी मुलांना मारून स्वतःचाही जीव दिला, की पेपरातला मथळा ठरलेला : 'कुटुंबाची सामूहिक आत्महत्या'. त्या सामूहिकात पाच वर्षांचं पोरही मोजलेलं असतं. त्याला कुणी विचारलं होतं? कायद्याच्या लेखी तो खून आहे. पूर्वी कलम ३०२, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०३.

पण मारणारे आईबाप राक्षस होते, असं म्हणून सुटकाही होत नाही. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ फिलिप रेझनिक यांनी १९६९ साली आईबापांच्या हातून झालेल्या मुलांच्या १३१ हत्या तपासल्या. सर्वांत मोठा गट निघाला तो 'मुलाच्या भल्यासाठी' मारणाऱ्यांचा. नैराश्य असंच बोलतं : माझ्यामागे ह्यांचं कोण आहे? पोरं उघड्यावर पडतील. हे प्रेमासारखं ऐकू येतं, म्हणून शेजारीपाजारीही मान डोलावतात. दुसरा एक गट सुडाचा. जोडीदाराला जन्माचा धडा शिकवायचा म्हणून मूल. तिथे प्रेमाचं नावही काढू नये.

(दृश्य : दुपार. अर्धवट लोटलेलं दार.)

बाळंतिणीचं वेगळं सांगायला हवं. पहिल्या काही आठवड्यांत तिला झोपच नाही, कानात आवाज येतात, बाळाबद्दल भलतंसलतं बोलते. 'बाहेरचं लागलंय' म्हणून अंगारा लावत बसायची ही वेळ नव्हे. त्याच दिवशी केईएम, नायर, सायन, जे रुग्णालय जवळ असेल ते गाठा. तोवर तिला आणि बाळाला दोघांनाच ठेवू नका.

एरवीही, कर्जात बुडालेला भाऊ किंवा माराला कंटाळलेली वहिनी 'आता संपवावंसं वाटतं' म्हणाली, तर आपण फार तर 'असं बोलू नये गं' म्हणतो. पुढचा प्रश्न घशातच राहतो. तो विचारायचा : 'आणि मुलांचं काय ठरवलंयस?' विचारल्याने डोक्यात नसलेलं शिरत नाही. उत्तर 'त्यांनाही घेऊनच जाईन' असं आलं, तर मुलं आजच्या आज मावशीकडे, आणि त्या माणसाजवळ कुणीतरी बसून.

पोलिसांचं लचांड नको म्हणून घरचे गप्प राहतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ११५ : आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता, असंच कायदा धरून चालतो; उलट सिद्ध झालं नाही, तर त्या प्रयत्नासाठी त्याला शिक्षा करत नाही.

(दृश्य : रात्र. चाळीत एकच दिवा.)

टेली-मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. चोवीस तास, मराठीतही. मुलांसाठी १०९८. धोका या घटकेला दारात असेल, तर ११२.