पाटीच्या आधी कोलांटी

शनिवार सकाळ, साडेआठ. सोसायटीचा हॉल. एरवी इथे बारशी आणि वाढदिवस होतात, आज छोट्यांच्या जिम्नॅस्टिक्स क्लाससाठी खुर्च्या भिंतीला लावून निळ्या मॅट टाकल्यात. दारात चपलांचा ढीग, त्यातली सगळ्यात मोठी चप्पलसुद्धा तुमच्या तळहातात मावेल.

हा मुलगा बघा. चार वर्षांचा. बारला लटकलाय, पाय जमिनीपासून जेमतेम वीतभर वर, पण चेहरा असा की दहाव्या मजल्यावरून लोंबकळतोय. सर मोजतायत, एक... दोन... तीन... सातला सुटला. मागच्या शनिवारी चारला सुटला होता. लाल झालेली बोटं दाखवायला आता आईकडे पळालाय.

ह्या लाल बोटांचा शाळेशी काय संबंध? तर पेन्सिल नुसत्या बोटांनी चालत नाही. आधी खांदा स्थिर लागतो, मग कोपर, मग मनगट, तेव्हा कुठे बोटं मोकळी होतात. खांदाच डळमळत असेल तर मूल अख्खा हात घासत गिरवतं, दोन ओळीत दमतं आणि आपण म्हणतो, कंटाळा करतो हो फार! मनगटाचं तर अजून बांधकामच चालू असतं. मोठ्या माणसाच्या मनगटात ८ छोटी हाडं असतात, बाळ जन्मतं तेव्हा तिथे साधारण नुसती कूर्चाच, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचीक भाग असतो, त्याचीच हळूहळू एकेक करून हाडं होत जातात आणि चौथ्या वर्षी सगळी झालेली नसतात. अशा मनगटाला आपण पानभर 'क' काढायला बसवतो.

आता कोलांटी. हनुवटी छातीला, पाठ गोल, डोकं मॅटला टेकवायचं नाही. तीनच सूचना, पण त्या ऐकायच्या, क्रमाने लक्षात ठेवायच्या आणि मग करायच्या. पहिलीच्या वर्गात बाई म्हणतात ना, वही काढा, पान उघडा, तारीख लिहा, तेच हे, फक्त इथे चुकलं तर मूल तिरकं गडगडतं आणि खदाखदा हसतं. शिवाय डोकं खाली पाय वर झाले की कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा कामाला लागते. तोल आणि पाठीचे, पोटाचे स्नायू, एवढ्यावरच तर मूल बाकावर सरळ बसतं. नाहीतर कोपर टेकव, घसर, पाय वर घे, चालूच.

पलीकडे पिशव्यांचा खेळ चाललाय. उजव्या हाताने उजवीकडची पिशवी उचलायची आणि डावीकडच्या टोपलीत टाकायची, हात बदलायचा नाही. सोपं वाटतं? ती पिवळ्या फ्रॉकवाली बघा, पोटासमोर आली की गुपचूप डाव्या हातात देते. शरीराची मधली रेघ ओलांडायला मुलांना वेळ लागतो, आणि आपली शिरोरेषा तर पानाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता न्यायची असते.

खरं सांगायचं तर मी माझ्या मुलीला क्लासला घातलं ते ती सोफ्यावरून उड्या मारायची म्हणून, हे सगळं नंतर कळलं. आणि पाऊण तासाचा क्लास म्हणजे जादू नाही. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलंय, ३-४ वर्षांच्या मुलांना दिवसाला १८० मिनिटं हालचाल हवी, त्यातली ६० तरी दमवणारी, आणि स्क्रीन तासाभराच्या आत. आठवड्याच्या एका क्लासात कसं बसणार हे? बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डी गावात बालवाडी करायला गेल्या, तिथे आणि पुढे कोसबाडला त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. अंगण, झाड, ओटा, उड्या मारायला आणखी काय लागतं! आपल्या वन बीएचकेत अंगण नाही म्हणून हा हॉल, ज्यांच्याकडे झाड आहे त्यांनी फी वाचवावी.

काही पालक विचारतात, सर, स्पर्धेला कधी घेणार? सर हसतात आणि विषय बदलतात.

क्लास संपलाय. पाणी प्यायची रांग लागलीय. लटकणारा तो मगाचा मुलगा मधेच घुसला, सरांनी नुसतं बोट दाखवलं मागे. गाल फुगवून गेला, शेवटी उभा राहिला. आता एका पायावर उभा राहून चप्पल घालतोय, भिंतीला न धरता. उलटी घातलीय, पण असू दे.